उरलेल्या तुकड्यांची गोधडी

उंदरांवर मी बरेच दिवस राग धरून होते. त्या बिचाऱ्यांनी माझं काहीच खाल्लं नव्हतं.

आई गेली त्या वर्षी दिवाळीनंतर मी शेंद्र्याहून शहरात, गुलमंडीला अक्काच्या घरी राहायला गेले. अक्का माझी थोरली बहीण. तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान आणि घर दुकानाच्याच माडीवर. आईची सगळी लुगडी आम्ही तिथं पसरली आणि कात्री समोर ठेवून नुसत्याच बसून राहिलो. पहिली कात्री कुणी लावायची? शेवटी अक्कानंच लावली. ती पहिल्यापासून माझ्यापेक्षा धीट. त्यात एक हिरवं लुगडं होतं, पोलीस ॲक्शननंतर बाजार पुन्हा सुरळीत उघडला तेव्हा वडिलांनी आणलेलं. आई ते सणालाच नेसायची आणि नेसली की काही काम नसताना दारात येऊन बसायची. ते कापताना अक्का रडली. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणते.

विरलेलं कापड पोटात, धड कापड वर, काठ चारी कडांना. एका बाजूला ती, समोर मी, आणि कडेपासून आत आत टाके घालत यायचं. मी डावखुरी, त्यामुळे माझे टाके उलट्या अंगाला कलायचे. अक्का चिडवायची, "तुझी बाजू रुसून बसलीय बघ." शेवटचा कोपरा बंद करताना मी आत चिमूटभर ज्वारी घातली. आमच्याकडं गोधडी उपाशी ठेवत नाहीत. आई घालायची, म्हणून मी घातली. गोधडी एकच झाली. ठरलं असं, की एक हिवाळा ती अक्काकडं आणि एक माझ्याकडं. थोरली म्हणून आधी तिच्याकडं. उरलेले बोटभर, वीतभर तुकडे मी फडक्यात बांधून शेंद्र्याला नेले.

माझी पाळी आली तेव्हा मी रिकामी पिशवी घेऊन गुलमंडीला गेले.

"नाय गं राहिली ती," अक्का म्हणाली. "उंदरांनी पार चाळण केली. लई वास यायला लागला, मग जाळून टाकली." आणि माझ्याकडं न बघता पुढं म्हणाली, "तू कोपऱ्यात ज्वारी घातली नसतीस तर उंदीर आलेच नसते."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आईची लुगडी माझ्या चिमूटभर ज्वारीपायी गेली होती. एखादा अर्धवट तुकडा तरी दाखव, असं मी म्हटलं नाही. उलट तिचीच समजूत घालत बसले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले.

घरी येऊन फडकं सोडलं. त्यात मोठा म्हणावा असा एक तुकडा नव्हता. काही तर इतके लहान की सुईबरोबर तुकडाच वर यायचा. घरच्यांच्या जुन्या धोतरांचं पोट केलं आणि त्यावर एकेक तुकडा बसवत गेले. नवरा म्हणायचा, "चिमणीचं घरटं करतीस का काय?" मी ऐकून घेत होते. शेताचं, चुलीचं आटोपून जेवढा वेळ मिळेल तेवढा त्यातच जायचा. शेवटच्या कोपऱ्याशी आले तेव्हा हात ज्वारीच्या डब्यापर्यंत गेला आणि मी तो मागं घेतला.

ती गोधडी मी अक्काला दिली. माझ्या चुकीनं तिची पहिली गेली, तर ही तिचीच, असा माझा हिशेब. तिनं तुकड्यांवरून हात फिरवला. "लई बारीक काम केलंस गं," म्हणाली. मला किती बरं वाटलं होतं, हे आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

पुढं नवऱ्याच्या नात्यातले पाहुणे आले. त्यांना अजिंठ्याची लेणी दाखवून परतताना फर्दापूरला चहाला थांबलो. शेजारच्या दुकानात दोरीवर गोधड्या टांगल्या होत्या. त्यात हिरवा तुकडा दिसला. हिरवी लुगडी जगात थोडी का असतात, असं म्हणून पुढं निघाले, तोच माझी रुसलेली बाजू दिसली. मी जाऊन कोपरा चिमटीत धरला. ज्वारी आत होती, दाणे बोटांना लागत होते.

"ही गेली, ताई. फॉरेनच्या बाईंनी घेतलीय, त्या गाडीतून पिशवी आणायला गेल्यात," दुकानदार म्हणाला. "पण गुलमंडीच्या एक बाई देत्यात आम्हाला. आनखी एक देनार हायेत, एकदम बारीक तुकड्यांची. कड उसवलीय, नीट करून देते म्हणल्या."

चहा तसाच राहिला. विकली याचं लागलं, नाही असं नाही. तिला काय कमी होतं? तरी विकायचीच होती तर विकायची होती, बाई. पण दोष माझ्या पदरात कशाला बांधलास? आईची आठवण माझ्याच हातानं गेली म्हणून मी झुरत होते आणि हिला ते डोळ्यांनी दिसत होतं.

शहरात आल्यावर पाहुण्यांना नवऱ्याबरोबर पुढं पाठवलं आणि मी गुलमंडीला उतरले. अक्का खूश झाली. "बरी आलीस," म्हणाली आणि गोधडी माझ्यापुढं टाकली. "एवढी कड शिवून दे. माझे टाके वेगळे दिसतात."

तिनं ओवून दिलेली सुई मी जमिनीवर ठेवली. उसवलेल्या कडेत बोटं घातली आणि ओढलं. जुनं कापड, चरचरत गेलं. मी ओढत राहिले. मांडीवर, जमिनीवर तुकडे पडत होते आणि अक्का बघत होती.

ती "काय झालं गं?" म्हणाली असती, "अगं, आईचं आहे ते," एवढं जरी म्हणाली असती, तरी मी तिथंच बसून सगळी पुन्हा शिवून दिली असती. मी तशीच आहे.

अक्का म्हणाली, "आता ही कोण घेणार?"

मी फर्दापूरचं नावसुद्धा काढलं नव्हतं.