चिमट्यातली लाल रेघ

युद्ध ऐन भरात होतं आणि माझं पोस्टिंग झालं साताऱ्याला. बरोबरची पोरं ब्रह्मदेशाच्या वाटेला लागली आणि मी माझ्या गावापासून दोन कोसांवरच्या माळावर. गावातले लोक चेष्टा करायचे, "लढाईवर गेलायस का मामाच्या घरी?" मी ऐकून घ्यायचो. साताऱ्याच्या माळावर कसलं आलंय मरण, असं मलाही वाटायचं.

मी डी.आर. होतो, म्हणजे डिस्पॅच रायडर. सकाळी टपालाची चामडी पिशवी गळ्यात अडकवायची आणि मोटरसायकलवरून कराड, पेठ, आष्टा करत सांगलीजवळच्या माधवनगरला जायचं. तिथल्या गिरण्यांत फौजेसाठी कापड विणत. ते ताब्यात घ्यायला आमची चार माणसं तिथं बसलेली असत. त्यांना पिशवी द्यायची, त्यांची घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत कॅम्पात परत. डी.आर. जोडीनंच जातील, अशी ऑर्डर होती. माझा जोडीदार दस्तगीर मणेर, तासगावचा. त्याचे वडील गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरायचे.

दस्तगीर पुढे, मी मागे. आम्ही एक पद्धत पाडली होती. पूल ओलांडला की मी एकदा हॉर्न द्यायचो. तो मागे न बघता डावा हात वर करायचा. म्हणजे दोघंही ठीक. गाडी तो इतकी बेतानं चालवायचा की मला वैताग यायचा.

"दस्तगीर, बैलगाडी फुडं गेली की रं!"

"जाऊ दे गड्या. काचंचा धंदा हाय आमचा. धक्के देत चालायची सवं न्हाई."

त्या उन्हाळ्यात मला हिवताप आला. बदली माणूस नव्हता, म्हणून दस्तगीर एकटा गेला. दुपारी फील्ड टेलिफोन वाजला. आमच्या हवालदार निकमांनी तो घेतला आणि सरळ माझ्या खाटेपाशी आले.

"मणेर गेला. आष्ट्याच्या फुडं."

"कशानं, उस्ताद?"

"चिमटा मोडला."

चिमटा म्हणजे गाडीचं पुढचं चाक धरून ठेवणारा फोर्क. सायकलीला असतो तसाच, फक्त जाड. तो मोडला की चाक सुटतं आणि माणूस तोंडावर जातो. जागा सपाट, रस्ता सरळ, वेळ दिवसाउजेडाची. बाजूच्या रानातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सगळं बघितलं होतं. तो म्हणाला, "गाडी हळूच चालली हुती. चाक एकलंच फुडं पळालं आन गाडीनं तोंड खाली घातलं."

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसली. गाड्या करणाऱ्या विलायती कंपनीचा माणूस मुंबईहून आला. मोडका चिमटा त्यानं दोनदा फिरवून बघितला आणि सांगितलं की वेग जास्त होता, गाडी दगडावर आदळली, इकडचे रस्तेच असे आणि चालवणारेही असेच. शेतकरी लांब बांधावर होता म्हणून त्याची जबानी धरली नाही. निकाल लागला, रायडरचा निष्काळजीपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी! बैलगाडीला वाट देणारा माझा जोडीदार कागदावर बेफाम ठरला. तोच निकाल तासगावला त्याच्या वडिलांना कळवला.

मी बरा झालो आणि पुन्हा रस्त्यावर आलो. माणसं कमी होती, जोडीची ऑर्डर रद्द झाली. त्या दिवसांइतका एकटा मी पुढे कधीच नव्हतो. उंब्रजचा पूल ओलांडला की अंगठा आपसूक हॉर्नवर जायचा. समोर नुसता रस्ता. माधवनगरला पोचलो की माणसं विचारायची, आज गप्प का? मी पिशवी बदलून निघायचो. माझी गाडीही त्याच्या गाडीबरोबरच आलेली होती. पण डी.आर.नं गाडीला भ्यायचं नसतं, म्हणून कुणी काही बोलत नव्हतं.

मग दसरा आला. खंडेनवमीला फौजेत हत्यारांची पूजा होते. आमची हत्यारं म्हणजे मोटरसायकली. दोन तर खोक्यातून नुकत्याच निघालेल्या, चाकांना अजून धूळ लागलेली नव्हती. निकम हवालदारांच्या घराकडे गावच्या मारुतीचा मान होता. कुंकू वाऱ्यानं उडून जातं म्हणून त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि एकेका चिमट्याला मारुतीला थापतात तसा थापला. नारळ फुटले, आम्ही खोबरं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेब इन्स्पेक्शनला आले. शेंदराचे ओघळ इंजिनापर्यंत गेले होते.

"निकम, ये गाडी है या मंदिर?"

"साहब, पूजा..."

"साफ करो. अभी."

कुठल्याही युनिटात मशीनला कोणी तेलातला शेंदूर फासत नाही. ती चूक आमच्या निकमांनीच करावी. आम्ही रॉकेलच्या चिंध्या घेऊन बसलो. माझ्या गाडीचा चिमटा लख्ख निघाला, पण वरच्या जोडाखाली केसाएवढी लाल रेघ राहिली. पुसली. थोड्या वेळानं ती परत उमटली. पुन्हा पुसली, पुन्हा तेच. आत शिरलेलं तेल बाहेर पाझरत होतं, म्हणजे आत तडा होता. दस्तगीरचा चिमटा बरोबर तिथंच मोडला होता. मी निकमांना हाक मारली.

निकमांनी वाकून बघितलं आणि एकेक करून बाकीच्या गाड्या पुसल्या. आणखी तीन गाड्यांना रेघ निघाली. त्यांतली एक नवी होती.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" निकम म्हणाले. "सायबास्नी बोलवा."

कॅप्टनसाहेबांनी कानस मागवली आणि नव्या गाडीच्या जोडावरचा रंग स्वतः घासून काढला. दोन नळ्या जोडताना पितळ वितळवून आत भरायचं असतं. ते पुरतं भरलंच नव्हतं. वरून रंगाचा जाड थर दिला की कोण बघतंय! साहेब उठले.

"सब गाडी बंद."

कंपनीचा माणूस पुन्हा आला. या वेळी साहेबांनी त्याला मोडका चिमटा दाखवलाच नाही. नव्या गाडीपुढे उभं केलं आणि विचारलं, "ही अजून रस्त्यावर गेलेली नाही. ही कुठल्या दगडावर आदळली?" त्या माणसानं हॅट काढली, पुन्हा घातली. यथावकाश सगळ्या गाड्यांना नवे चिमटे आले. पण दस्तगीरबद्दल कंपनीनं चकार शब्द काढला नाही. साहेबांनी निकाल बदलण्यासाठी वर लिहिलं. मी फौजेतून सुटेपर्यंत तरी त्याचं उत्तर आलं नाही.

तासगावचा तो म्हातारा मुलालाच दोष देत बसला असेल, हा विचार मला जेवू देईना. मी साहेबांकडे गेलो.

"साहब, तासगाव जाना है. मणेर के घर."

त्यांनी रजा दिली आणि त्या नव्या गाडीच्या चिमट्याचा कापलेला तुकडाही दिला.

दस्तगीरचे वडील रहिमानचाचा ओट्यावर बांगड्यांच्या माळा ओवत बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, पण मान वर केली नाही.

"गावं फिरायची सोडली मी," ते म्हणाले. "बायका इचारत्यात, पोरगं कशानं गेलं. काय सांगू? गाडी लय जोरात हाकायचा, आसं सांगतो. सरकारनंच कळवलंय."

मी तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. लाल रेघ दाखवली.

"चाचा, ही गाडी कुणी चालवलीच न्हवती. आमी गाड्यास्नी शेंदूर लावला, तवा घावलं. कारखान्यातनंच तडा घेऊन आली. दस्तगीरची बी आशीच हुती."

त्यांनी तुकडा उचलला. बांगडी पारखतात तसा सवयीनं कानाशी धरून नखानं वाजवला. आवाज बद्द आला.

"तडकल्याली बांगडी भरताना फुटली, तर आमी बाईच्या हाताला बोल लावतो व्हय? बोल इकणाऱ्याला." त्यांनी तुकडा खाली ठेवला. "बाकीच्या पोरांचं काय?"

"गाड्या थांबवल्या, चाचा. चिमटे बदलले."

त्यांनी टोपी घातली. "चल. त्येला सांगून येऊ."

गावाबाहेरच्या कबरस्तानात ते कबरीपाशी बसले, मातीवर हात ठेवला आणि झोपलेल्याला उठवावं इतक्या हळू आवाजात बोलले.

"दस्तगीर, गाडी तुज्या हातनं न्हाई मोडली रं. तू हळूच चालला हुतास. मीच तुला बोल लावत बसलो."

मला रडू आलं. मी आवरलंही नाही.

आता मोटरसायकल नाही, सायकल आहे. पूल ओलांडला की मी अजून घंटी वाजवतो आणि समोर बघतो. सरकारी कागद मला बदलता आला नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. शिपाई दस्तगीर मणेर, डिस्पॅच रायडर, तासगाव. गाडी बेतानं चालवायचा.