आप्पांची देशांची चौकशी

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डब्लिनमध्ये विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दुधाच्या नमुन्यांवर लेबलं चिकटवत होते. धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, आप्पा गेले. सकाळी गोठ्यात गेलेले, तिथंच खाली बसले..."  हातातलं लेबल मी तसंच चिकटवलं, तेही उलटं. मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, कार्डाचा होता. इथं राहण्याच्या परवान्याचं माझं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं होतं. ते हातात नसताना देश सोडला तर परत यायचे वांधे, हे मला आणि वर्गातल्या सगळ्याच परदेशी मुलांना पाठ होतं. म्हणजे गेल्या वर्षी ज्या प्रश्नानं आप्पांनी मला लाजवलं होतं, तोच प्रश्न आता माझ्यापुढं उभा होता. याला पाच आठवडे झाले. अजून मला धड रडू आलेलं नाही, राग मात्र रोज येतो.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. यवतजवळच्या आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. उभं आयुष्य त्यांनी कालव्यावर पाटकरी म्हणून काढलं, कुणाच्या वावराला कधी पाणी सोडायचं ते बघण्यात. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं, त्यांच्याकडं ते कधी चौकशी करायचे नाहीत. तिथं सगळ्यांनाच पाणी मिळतं, म्हणायचे. ते थेट टेलला जायचे, शेवटच्या वावरात, आणि तिथल्या माणसाला विचारायचे, पोचलं का. निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. घरातलं कुठलंही काम त्यांच्या हाती दिलं की ते आधी शेवटचं वावर शोधत निघायचे.

मला जर्मनी आणि आयर्लंड, दोन्हीकडं प्रवेश मिळाला तेव्हा मी एक छान तक्ता केला होता. फी, कोर्स, भाषा, नंतरची नोकरी, सगळं. आप्पांनी तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. त्यांनी मोटरसायकल काढली, मला मागं बसवलं आणि ज्या ज्या घरचं पोर परदेशात आहे त्या घराच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली. एखाद्या स्थळाची माहिती काढावी तशी. राहूमार्गे शिक्रापूरला गेलो, ट्रकांच्या धुराळ्यानं माझा नवा ड्रेस पार मातकट झाला. त्या घरची बाई कौतुकानं फोनवर मुलाचे फोटो दाखवत होती, आयर्लंडमधलेच. आप्पांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "मालक गेले तवा पोरगं कितव्या दिवशी आलं?" बाईंनी फोन बंद केला. मुलगा आलाच नव्हता. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. मग कासुर्डीला एका घरी कळलं, जर्मनीतला त्यांचा मुलगा आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी राख सावडायला हजर होता. झालं, आप्पांचा देश ठरला.

माझा जीव आयर्लंडमध्ये अडकला होता. दुधाच्या प्रक्रियेवर मला हवं तसं काम तिथं होतं आणि नवी भाषा शिकण्यात वर्ष जाणार नव्हतं. आप्पा म्हणे, चांगल्या दिवसांत समदे देश चांगलेच असत्यात. पुण्यात परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराच्या ऑफिसात त्यांनी तेच विचारलं, माणूस गेलं तर किती दिवसांत सोडत्यात? टाय लावलेला तो पोरगा हसला. बाकड्यावरची दोन मुलंही हसली. यवतच्या स्टँडवर एसटीतून उतरलो आणि माझा तोल सुटला.

"आप्पा, मी शिकायला चाललेय. मयतीला यायला नाही."

त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. मग म्हणाले, "बरं. तुला जिथं जायाचं तिथं जा. म्या न्हाई आडवा येत." आणि खरंच आले नाहीत. विमानतळावर सगळ्यांच्या पुढं उभे होते. पण त्या दिवसापासून तो प्रश्न त्यांनी पुन्हा उच्चारला नाही, आणि मीही माफी मागितली नाही. मला वाटलं होतं, सुट्टीत गेले की बघू.

इथं आल्यावर दर रविवारी त्यांचा फोन यायचा, तिकडं दुपारचा चहा झाला की. कार्ड दर वर्षी नवं करावं लागतं हे मी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. यंदा अर्ज केला तेव्हापासून त्यांचं एकच सुरू, "कार्ड आलं का?" अभ्यास नाही, थंडी नाही, जेवण नाही. शेवटच्या रविवारी मी वैतागून म्हटलं, आप्पा, आलं की सांगेन ना, सारखं काय विचारता. ते म्हणाले, "व्हय, व्हय. सांग."

मी गेले नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. प्रकल्प, परवाना, पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मीच नाही गेले. दहावा मी फोनवर पाहिला. भावाचा हात हलत होता, नदी वाकडी दिसत होती. अजूनही मला वाटतं, शिकायला देश निवडताना विचारायचा हा प्रश्न नव्हे. आणि कासुर्डीच्या त्या मुलाचं नशीब बरं होतं, इतकंच. माझं कार्ड आधी आलं असतं तर मीही पोचले असते. हे सगळं मला आप्पांशी भांडून सांगायचं आहे. आणि तो प्रश्न त्यांनी कुणासाठी विचारला होता, हे मला त्या स्टँडवर कळायला काय झालं होतं, याचा राग कुणावर काढू?

दहाव्यानंतर दोन दिवसांनी कार्ड आलं. आता रविवारी वडील फोन करतात. जेवलीस का विचारतात, थंडी किती विचारतात. कार्डाचं विचारत नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून. ते टेबलावर तसंच पडलेलं असतं. मी चहा घेऊन समोर बसते आणि वडिलांनी फोन ठेवला की हळूच म्हणते, आलं, आप्पा.