दादा हवेत होता तो दिवस

‘अप इन द एअर’ म्हणजे अधांतरी, काहीच नक्की नसलेलं. हे आज मी झोपेतही सांगेन. पण त्या दिवशी मी नुकती बारावीला इंग्रजीत पास झाले होते, आणि त्याचा माज अंगात मावत नव्हता.

दादा ओझरला विमानांच्या कारखान्यात ठेकेदाराकडून फिटर होता. त्याला कायम करणार की घरी बसवणार, हे त्या दिवशी ठरायचं होतं. चार वाजले तरी त्याचा पत्ता नाही, म्हणून आईने मला शेजारी फोन करायला पिटाळलं. पलीकडून कुणी साहेब इंग्रजीत म्हणाले, की दादाची केस ‘अप इन द एअर’ आहे. मी कुंपणावरून ऐटीत ओरडले, “आई, दादा अजून हवेत आहे!”

आई अंगणात विकायच्या माळा ओवत होती; तिच्या हातातून झेंडूची माळ सुटली.

“हवेत? अगं, त्याला माळ्यावर चढताना घेरी येते!”

“साहेबच म्हणाले.”

नेमकं तेव्हाच आमच्या मखमलाबादच्या मळ्यांवरून एक विमान घरघरत गेलं. वळलं. परत आलं.

“उतरत का नाही गं ते?” आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. “चाकं अडकली असतील.”

मला हसू यायला हवं होतं. पण विमान तिसऱ्यांदा फिरलं आणि मीही आईला बिलगले. माझंच भाषांतर, आणि मीच त्याला घाबरले! मग आवाज एकदम थांबला. आई मटकन बसली. तिथून पुढचा तासभर आम्ही दोघी आकाशाकडे बघत बसलो.

फाटक वाजलं. आईने धावत जाऊन दादाचा चेहरा चाचपला. “उतरलास रे?”

“उतरलो की, ओझरच्या एसटीतून.”

साहेबांचे शब्द ऐकून खरा अर्थ त्याने सांगितला तेव्हा मी पोट धरून हसले. आई मात्र हसली नाही. “म्हणजे ठेवतील की काढतील, कुणालाच ठाऊक नाही?”

“नाही.”

“मग हवेतच आहेस.”

पुढचे दोन महिने विमान वाजलं की ती फुलं टाकून अंगणात यायची, आणि तिच्यामागे मीही. एका दुपारी दादा फाटकातूनच कायम केल्याचा कागद नाचवत ओरडला, “आई, उतरलो!”

आई झेंडूच्या ढिगावरच बसली आणि पहिल्यांदा रडली.