अक्षताच्या नावाने लिहिलेलं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आताही सांगताना आधी इकडचं तिकडचंच बोलेन बहुतेक — सवय आहे.

आम्ही चौलचे. हे मांडव्याला बोटीवर कामाला, मी घरी ब्लाउज शिवते. अक्षता आमची एकुलती एक. अकरावीत गेली आणि तिची झोपच उडाली. रात्रभर टक्क जागी, दिवसा छातीत धडधड, कॉलेजचं नाव काढलं की रडू. आमच्या डॉक्टरांनी पुण्याच्या एका काउन्सेलर मॅडमचं नाव सुचवलं. त्या व्हिडिओ कॉलवरच बोलायच्या. दर शनिवारी कॉल. मधल्या दिवसांत काही वाटलं तर मेसेज लिहायचा. झोप यावी म्हणून अक्षताचा फोन काढून घेतलेला, त्यामुळे हे सगळं माझ्या फोनवर.

शनिवारी ती दार लावून बसायची. एकदा आतून हसण्याचा आवाज आला. माझी मुलगी — हसत होती! ही बाई तिला असं काय विचारते? आणि मी आई असून मला का नाही विचारता येत? राग नव्हता, खरंच. नुसतं कुतूहल. पण असं, की शिलाई वाकडी जायची.

मग एका दुपारी, ती कॉलेजात असताना, मी तिचे मेसेज वाचले. तिथेच थांबले असते तर? नाही थांबले. तिच्या नावाने लिहिलं, 'आज खूप एकटं वाटतंय.' मॅडमनी विचारलं, 'हे एकटेपण शरीरात कुठे जाणवतं?'

मी मशीन सोडून बसून राहिले. कुठे जाणवतं? गळ्याशी — हो, गळ्याशीच. असं मला आजवर कुणी विचारलं होतं का?

त्यानंतर लिहीतच गेले. लिहायचं, उत्तर वाचायचं, दोन्ही पुसून टाकायचं. इथलं पुसलं तरी मॅडमकडे राहतं, हे डोक्यातच आलं नाही. आणि एकदा लिहिलं, 'आईला माझा कंटाळा आलाय.' त्यावर त्या काय म्हणतात ते मला बघायचं होतं. आणि — ते खोटंही नव्हतं. दमले होते मी तिच्या आजारपणाला.

शनिवारी अक्षता पांढरीफटक होऊन बाहेर आली. "आई, मॅडम म्हणतात तुझा कंटाळा — म्हणजे तुला माझा कंटाळा आलाय असं मी लिहिलं. मी नाही गं लिहिलं! फोनमध्येपण नाहीये. पण त्यांच्याकडे आहे." मग हळूच म्हणाली, "मला वेड लागतंय का?"

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

दोन दिवसांनी मॅडमचा मला फोन आला. फोन स्पीकरवर, अक्षता शेजारीच, हेही घरात. मॅडम म्हणाल्या, "ताई, रागावणार नाही. तुम्ही कधी तिच्या नावाने लिहिलंत का? फक्त सांगा, आपण पुढे जाऊ." इतकी सोपी वाट करून दिली होती त्यांनी.

हे मधेच म्हणाले, "न्हाय वो, ही कशाला लिहील?"

आणि मी — लेकीच्या देखत — म्हणाले, "नाही मॅडम. ती हल्ली विसरायला लागलीय."

हेच ते. बाकीचं सगळं कुतूहल म्हणता येईल. हे नाही.

अक्षताने शनिवारचे कॉल बंद केले. अलिबागला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, डोक्याच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. निघणार काय? ते वर्ष गेलं. पुढे औषधांनी झोप हळूहळू परत आली. आता ती पनवेलला शिकते, हसते, मैत्रिणी आहेत. फक्त स्वतःच्या आठवणीवर तिचा विश्वास नाही. काहीही असलं की मला विचारून खात्री करून घेते.

आज दुपारीच फोन आला. "आई, रविवारी येते असं मी तुला सांगितलं होतं ना? की नुसतं मनात होतं?"

"सांगितलं होतंस," मी म्हणाले.

"बरंय बाई तू आहेस," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.