भरावावरून बंब

आमच्या मोठ्या मामांनी पहिल्या युद्धात लढाऊ विमान चालवलं. दुसरं युद्ध पेटलं तेव्हा ते एका हवाई तळाचे प्रमुख होते आणि हुद्द्याने इतके वर गेले होते की त्यांना मोहिमेवर जायची परवानगीच नव्हती. ते म्हणत, "लोकांची पोरं वर धाडायची आणि आपण खुर्चीत बसायचं, याहून वाईट नोकरी नाही." यावर मामींचं ठरलेलं उत्तर असे, "खुर्चीत बसला असतात, तर गुडघे तरी शाबूत राहिले असते."

एका सकाळी त्यांची चार विमानं मोहिमेवर गेली आणि मागाहून शत्रूने धावपट्टीवर बॉम्ब टाकला. बरोबर मधोमध खड्डा. दुसरा तळ धुक्यात बुडालेला, आणि विमानांत इंधन जेमतेम परतीपुरतं.

कारकून, स्वयंपाकी, पहारेकरी, सगळेच मुरूम वाहायला धावले. खड्डा भरला. पण सैल भरावात विमानाचं चाक रुतलं, तर विमान उलटंच व्हायचं. तो दाबायला रोलर हवा, आणि पट्टीकडेला उभा रोलर त्याच स्फोटात मोडलेला.

मामांची नजर आगीच्या बंबावर गेली. पाण्याने काठोकाठ भरलेला, चांगला जड.

"साहेब, आपल्याकडे हा एकच बंब आहे," बंबाचा प्रमुख म्हणाला. "हा रुतला तर पट्टीही गेली आणि बंबही. विमान पेटलं तर काय थुंकी लावून विझवू?"

"खरंय तुमचं. पण पोरं उतरलीच नाहीत, तर विझवणार काय? किल्ली द्या."

"तुम्ही चालवणार?"

"रुतला तर शिव्या कोणाला घालायच्या, ते आधीच ठरलेलं बरं."

पहिल्याच फेरीत मागचं चाक खचलं. बंबाच्या प्रमुखाने तोंड फिरवलं. मामांनी गाडी हळूहळू मागे घेत बाहेर काढली, तिथे आणखी दगड टाकायला लावले आणि पुन्हा वर घातली. दरवेळी चाकाच्या रुंदीएवढे सरकत ते भराव दाबत राहिले. एवढ्यात विमानं डोक्यावर आली.

त्यांचा मदतनीस अधिकारी धापा टाकत आला. "साहेब, वरून विचारतायत, उतरू की विमान सोडून उड्या मारू?"

मामा खाली उतरले. भरावावर टाच आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

"उतरा म्हणावं. डाव्या कडेने. उजवीकडे अजून भुसभुशीत आहे."

मग त्यांनी बंब कडेला नेला आणि किल्ली प्रमुखाच्या हातावर ठेवली. "आता तुमचं काम."

पहिलं विमान भरावावर दणका खाऊन पुढे गेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं. चौथं उतरलं खरं, पण इंधन संपून पट्टीच्या मधोमधच थांबलं. शत्रू पुन्हा आला असता, तर त्याला आयतीच शिकार. मामांनी टोपी बगलेत मारली आणि स्वयंपाक्यांच्या शेजारी पंखाला खांदा लावला. वैमानिक ढकलायला म्हणून खाली उतरू लागला.

"आतच बस," मामा ओरडले. "ब्रेक काय मी लावू?"