लुर्देसचं टेबल आवरू नका

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मॅनेजरने नोटीस लावली. कॉमन किचनमध्ये यंदापासून तळण बंद. ज्या रहिवासी ख्रिसमसला तळण करायच्या, त्या आता इथे राहत नाहीत.

राहत नाहीत.

जणू लुर्देस फ्लॅट सोडून लीड्सला मुलाकडे राहायला गेली.

लुर्देस वारली. आज महिना झाला. एवढा एक शब्द लिहायला मॅनेजरचा हात जड झाला असेल, तर इथे मी लिहिते.

जे तिला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगते.

माझा नवरा अरुण गेल्यावर मी घर विकून नॉटिंगहॅमच्या या रिटायरमेंट फ्लॅट्समध्ये आले. पहिल्या ख्रिसमसला मुलाचा ब्रिस्टलहून फोन. ते सगळे त्याच्या सासुरवाडीला निघाले होते. तू मॅनेज करशील ना आई, म्हणाला. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट्सच्या डेस्कवर आयुष्य काढलं, मॅनेज करण्याशिवाय दुसरं येतंय काय मला.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी खालून वास आला.

संत्र्याची साल, दालचिनी, तापलेलं तेल. बाहेर इंग्लंडचा डिसेंबर आणि जिन्यात दिवाळी.

मी स्लिपर्सवरच खाली गेले.

कॉमन किचनमध्ये पहिल्या मजल्यावरची पोर्तुगीज बाई, लुर्देस, खुर्चीत बसली होती. एका गुडघ्यावर पांढरं फडकं पसरलेलं. त्या गुडघ्यावर पिठाचा गोळा ठेवून ती तो चहूबाजूंनी ओढत होती.

गुडघ्यावर. खायची वस्तू.

मी म्हटलं, आमच्याकडे याला पोळपाट असतो.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला गुडघे आहेत?"

"दोन आहेत. एक नवा आहे, ऑपरेशनचा."

"नवा दे. गुळगुळीत असेल."

मी बसले. दुसरं काय करणार.

त्या पदार्थाचं नाव फिल्योश. तिच्या गावात ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी तळतात. मैदा, अंडी, यीस्ट, संत्र्याचा रस, थोडी ब्रँडी. गोळा गुडघ्यावर ओढायचा, मध्ये कागदासारखा पातळ, कडा जाड. गुडघ्याचा आकार पोळपाटाला कुठून येणार, हे मला तिसऱ्या गोळ्याला कळलं. पण मी तसं बोलले नाही.

पीठ फुगायला ठेवलं होतं रेडिएटरपाशी, तिच्या नवऱ्याच्या जुन्या ओव्हरकोटाखाली. तो कोट एवढ्याच कामासाठी ठेवलाय, म्हणाली. प्रत्येक घाण्याचं पीठ काढण्याआधी त्याच्यावर क्रूस काढायचा. माझा हात आपोआप बरोबर फिरला.

"कॅथलिक?"

"नाही. कॉन्व्हेंट."

"चालेल."

तेल पुरेसं तापलं नाहीये, फिल्योश तेल पितील, असं मी दोनदा सांगितलं. तिने दोनदा मला माझा गुडघा सांभाळायला सांगितलं. तिसऱ्यांदा न बोलता झारा माझ्या हातात दिला. पुढे प्रत्येक वर्षी झारा माझ्याकडे.

मग जेवण झालं. माझ्या सवयीने मी टेबल आवरायला उठले, तर तिने माझं मनगट धरलं.

त्या रात्री टेबल आवरायचं नसतं. ताटं, पाव, उरलेल्या फिल्योश, सगळं तसंच ठेवायचं. घरातले गेलेले लोक रात्री येतात आणि जेवतात.

मी चिडलेच. रात्रभर खरकटं? आमचे पितर दिवसाढवळ्या येतात, कावळ्याच्या रूपाने, सगळ्यांसमोर. तुमचे चोरासारखे रात्री का?

ती खूप हसली. मग तिने एक कोरं ताट आणलं आणि विचारलं, "तुझ्या नवऱ्याचं नाव?"

"अरुण."

तिने ताटात फिल्योश ठेवली. साखर-दालचिनीचा डबा उचलला आणि थांबली. "त्याला साखर चालते?"

"डायबिटीस होता."

"आता काय होतंय त्याला," म्हणाली, आणि मूठभर साखर घातली.

अरुण गेल्यावर घरात आलेला प्रत्येक माणूस मला धीर देऊन गेला. त्याला खायला कोणी दिलं नव्हतं.

मी जन्मात पहिल्यांदा खरकटं तसंच टाकून वर गेले. शांत झोपले.

दुसऱ्या वर्षी तळमजल्यावरच्या शीलाने नवऱ्याचं ताट मांडलं. तिसऱ्या वर्षी वरच्या आयरिश बाईंनी धाकट्या बहिणीचं. आता चोवीसच्या रात्री ते लांब टेबल भरतं आणि आम्ही म्हाताऱ्या आपापल्या फ्लॅटमध्ये जाऊन झोपतो. सकाळी फिल्योश कमी झालेल्या असतात, हेही खरं. मॅनेजरच्या शर्टावर साखर असते, हेही खरं.

तळणाच्या धुराने फायर अलार्म वाजतो म्हणे. गेल्या वर्षी वाजला तो मॅनेजरच्या टोस्टने. साक्षीदार आहेत.

लुर्देसचा मुलगा फ्लॅट रिकामा करायला आला तेव्हा त्याने विचारलं, आँटी, तुम्हाला आठवण म्हणून काय हवं? मी गुडघ्यावरचं फडकं आणि तो कोट मागितला. त्याने दोन्ही दिलं, आणि दारातच रडला.

फडकं धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. शीलाचे दोन्ही गुडघे जुने आहेत, पण चालतील.

लुर्देस, तू मला एका संध्याकाळी शेजारीण दिलीस, सण दिलास आणि माझ्या नवऱ्याला ताट दिलंस. थँक यू म्हटलं की तुला राग यायचा. आता येऊ दे.

आणि मॅनेजरसाहेब, हेच तुम्हाला इंग्रजीत, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटवलेल्या अक्षरात, दाराखालून सरकवलं आहे.

यंदा त्या टेबलावर पहिलं ताट लुर्देसचं आहे. तिला दुसरं टेबल माहीत नाही. चोवीसच्या रात्री ती आली आणि टेबल रिकामं दिसलं, तर तिला काय सांगायचं, ते मला लेखी कळवावं.

सोमवार, २२ डिसेंबर, दुपारी चारच्या आत.