वस्त्यांच्या वहीत नसलेली माणसं

गोरोबा सलगर फौजेत हवालदार होते. वीस वर्षं सिग्नलमध्ये, बिनतारी निरोप देण्या-घेण्यात, काढून ते ईट या आपल्या गावी परतले, तेव्हा गावाने त्यांना परस्पर मेजर करून टाकलं. आमच्या भागात फौजेतून आलेला माणूस मेजरच असतो. तो तिथं स्वयंपाकी होता का सुभेदार, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. गोरोबांनी सहा महिने लोकांना समजावून सांगितलं आणि मग नाद सोडला.

घराणं मेंढपाळाचं. आजोबा मेंढरांच्या मागे, वडील मेंढरांच्या मागे, आणि गोरोबाही एकोणिसाव्या वर्षापर्यंत मेंढरांच्याच मागे. त्या धावण्याने कमावलेला दम भरतीत उपयोगी पडला आणि गडी फौजेत गेला. तो गेल्यावर थोरल्या भावाने कळप मोडला, तीन एकरात विहीर पाडली आणि शेतकरी झाला. घरात आता मेंढराचं म्हणावं असं एक घोंगडं तेवढं उरलं होतं, आणि तेही गोरोबांच्या बायकोने, अयोध्याबाईंनी, माळ्यावर टाकलं होतं.

पेन्शनीत बसून राहणं त्यांना जमेना. परंड्याच्या तहसीलमध्ये आपत्ती कक्षात कंत्राटावर माणूस हवा होता, तिथं ते लागले. कक्ष म्हणजे एक टेबल, दोन फोन, फडक्याने झाकलेला एक वायरलेस सेट आणि भिंतीवर तालुक्याचा नकाशा. कामही तसं बेताचंच. उन्हाळ्यात टँकरचे फोन, पावसाळ्यात वीज पडून जनावर दगावल्याचे फोन. पण त्याच वर्षी जिल्ह्याला एक बैठक झाली. संकटात लष्कर आलं तर नागरी खात्यांनी त्यांच्याशी जुळवून कसं घ्यायचं, हा विषय होता. गोरोबा मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मनातल्या मनात हसत होते.

कारण भांडण त्यांच्या ओळखीचं होतं. लष्कराचे अधिकारी म्हणत, माणसं कुठं अडकलीत ते अक्षांश-रेखांशात सांगा. तहसीलवाले म्हणत, साहेब, खालच्या मळ्यात, चिंचेच्या अलीकडं. वरून बघणाऱ्याला तालुक्यातल्या सगळ्या चिंचा सारख्याच. दोन्हीकडचे लोक हुशार होते आणि दोन्हीकडच्यांना समोरचा ठार अडाणी वाटत होता. गोरोबा दोन्हीकडचं खाऊन-पिऊन मोठे झालेले. त्यांना वाटलं, हे काम आपलंच आहे, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही.

मग त्यांनी वस्त्यांची वही केली. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढायची, सीनेच्या काठाने एकेका वस्तीवर जायचं, मोबाइलवर आकडे बघायचे आणि वहीत लिहायचे. वस्तीचं नाव, घरमालक, गट नंबर, माणसं किती, विहीर कुठं, हेलिकॉप्टर उतरेल अशी मोकळी जागा कुठं. लोकांनी काय काय समजून घेतलं, ते विचारू नका. एका वस्तीवर त्यांना घरकुलाचा साहेब समजून चहा-पोहे मिळाले. दुसऱ्या वस्तीवर रस्त्यासाठी जमीन घ्यायला आलेला माणूस समजून अंगावर कुत्रं सोडलं. तरी दोन वर्षांत वही भरली. तहसीलमधले कारकून चेष्टेने म्हणायचे, मेजर, आमच्या घराचा पण आकडा घ्या, बायको जेवायला वेळेवर बोलवील.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीनेने पात्र सोडलं, तेव्हा चेष्टा थांबली. सकाळी सहापासून दोन्ही फोन खणखणत होते. गोरोबांनी आपली पद्धत लावली: गाव कोणतं, वस्ती कोणती, माणसं किती. तीन प्रश्न, अर्धं मिनिट, फोनच्या वहीत नोंद, पुढचा फोन. कलेक्टर ऑफिसातून लष्कराला मागणी गेली, आणि दहाच्या सुमारास हेलिकॉप्टर आलं. सोबत एक तरुण कॅप्टन येऊन गोरोबांच्या टेबलाशी बसला. शिपायाने आत येऊन हाक मारली, "मेजर, चहा आणू का?" तसा कॅप्टन गडबडून उभाच राहिला. गोरोबांनी हात जोडून खुलासा केला, तेव्हा कुठं तो बसला.

वहीने त्या दिवशी कमाल केली. फोनवर कुणी "काळ्या मळ्यातलं घर" म्हणालं की गोरोबा पान उलटून कॅप्टनला आकडे देत, कॅप्टन वायरलेसवर ते वर देई, आणि वीस मिनिटांत माणसं परंड्याच्या मैदानावर उतरत. एकही फेरी वाया गेली नाही. एक वाजेपर्यंत सीनेकाठच्या हिवरगावच्या अकरा वस्त्यांवरची त्र्याऐंशी माणसं बाहेर आली होती, आणि अकराही नावांपुढं गोरोबांच्या हातची बरोबरची खूण पडली होती.

आता हेलिकॉप्टर सोडायचं होतं. शेजारच्या तालुक्यात एका छतावर बावीस माणसं वाट बघत होती. पण सोडायचं तर तहसीलने लेखी द्यावं लागतं की आमच्या हद्दीत आता कुणी अडकलेलं नाही. कागद तयार होता. गोरोबांनी तो तपासून वर पाठवायचा, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात परतीच्या वाटेवरचा वैमानिक वायरलेसवर सहज बोलून गेला, की हिवरगावच्या पुलाखाली मेलेली मेंढरं वाहताना दिसताहेत, वीस-पंचवीस असतील.

टेबलाजवळ तलाठी मंजुषा उभी होती. ती "अरेरे" म्हणाली. कॅप्टनने ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. पाण्यात जनावरं जातातच. गोरोबांचा हात मात्र कागदावरून मागे आला.

हिवरगावात मेंढरं पाळणारं एकही घर नव्हतं, हे त्यांना वहीमुळं पाठ होतं. दारात चार शेळ्या असतात, पण वीस-पंचवीस मेंढरं एका जागी मरतात म्हणजे तिथं वाडा बसलेला असणार. वाडा म्हणजे फिरत्या मेंढपाळांचा तळ. उडीद निघालेला असतो, ज्वारी पेरायची असते, त्या मधल्या दिवसांत शेतकरी लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवून घेतो. दोन-चार दिवस या रानात, मग पुढच्या. आणि मेंढरांबरोबर माणसं असतात, बायका असतात, घोड्यावर बांधलेला संसार असतो. त्यांचं घर कुठल्याच गटात नसतं, म्हणून ते वहीतही नव्हतं.

"साहेब, अजून माणसं आहेत," गोरोबा कॅप्टनला हिंदीत म्हणाले.

"कुठं?"

"ते माहीत नाही."

कॅप्टन वाईट माणूस नव्हता. पण त्याच्याकडं तेल मोजकं होतं आणि तिकडं बावीस माणसं छतावर होती. तो म्हणाला, "हवालदारसाहेब, 'माहीत नाही'वर मी मशीन थांबवू शकत नाही. वीस मिनिटं देतो. आकडे द्या."

गोरोबांनी मंजुषाला विचारलं, "ताई, पुलाच्या वरच्या अंगाला नदीकाठाला उडीद कुणाकुणाचा होता?" मंजुषाने पीकपाहणीची यादी उघडली. पाच नावं निघाली. दोघांनी अजून काढणी केली नव्हती, ते तिला ठाऊक होतं. उरले तीन. पहिल्याला फोन लावला, त्याने मेंढरं बसवली नव्हती. दुसऱ्याने बसवली होती, पण ती आठवड्यापूर्वीच पुढं गेली होती. तिसरे बब्रुवान. ते सकाळीच घरच्यांसह हेलिकॉप्टरने आले होते आणि सुटका झालेल्यांची सोय केलेल्या मंगल कार्यालयात अंगावर चादर घेऊन बसले होते. तिथल्या कोतवालाने आपला फोन त्यांच्या कानाला लावला.

"व्हय की," बब्रुवान म्हणाले. "परवापासनं माझ्याच रानात बसल्यात मेंढरं."

"बब्रुवानराव, मग सकाळी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं, घरची किती माणसं. म्या म्हणलं सात. सातच्या सात आलो." मग म्हणाले, "मला वाटलं ते आदीच माळाला गेले आसतील. त्यास्नी पाण्याचं आपल्या आदी कळतंय."

भांडायला वेळ नव्हता. गोरोबांनी विचारलं, वाडा नेमका कुठं? विहिरीच्या उगवतीला, ओढ्याच्या बांधावर. किती लांब? बब्रुवानांना फूट-मीटर सांगता येईना. गोरोबा म्हणाले, "विहिरीवरून तिथवर पाणी नेलंय का तुम्ही?" नेलं होतं. "पाईप किती लागले?"

"पस्तीस," बब्रुवान लगेच म्हणाले. आपल्या रानात किती पाईप गेलेत, हे शेतकरी विसरत नाही.

वीस फुटी पाईप, पस्तीस नग, सातशे फूट. विहिरीचे आकडे वहीत होतेच. त्यांच्या पूर्वेला दोनशे दहा मीटर. कॅप्टनने ते वर दिले, तेव्हा विसातली तीन मिनिटं शिल्लक होती.

बांधाचा जेमतेम चार-पाच बैलगाड्यांएवढा तुकडा पाण्याबाहेर राहिला होता. त्यावर माणसं आणि मेंढरं एकमेकांना चिकटून उभी होती. कडूबाई नावाची म्हातारी, तिचा लेक बलभीम, सून मोनिका आणि मोनिकाचं पाच महिन्यांचं बाळ. दोर सोडून एकेकाला वर घेतलं. कडूबाई मेंढरं सोडायला तयार नव्हती. शेवटी जवानाने तिला कवेत धरूनच उचललं. सगळं आटपायला चाळीस मिनिटं लागली. बावीस माणसांच्या छताकडं मशीन त्यानंतर गेलं, आणि तीही सुखरूप निघाली.

कक्षात टाळ्या वाजल्या. तहसीलदार मॅडम स्वतः खाली आल्या आणि म्हणाल्या, वरिष्ठांना अहवाल जाईल त्यात तुमचं नाव पहिलं. निघताना कॅप्टनने एक कडक सॅल्यूट ठोकला आणि हसून "मेजर साहब" म्हणाला. गोरोबांना बरं वाटलं. नुसतं बरं नाही, छाती भरून आली. त्यांनी ते लपवलंही नाही. अयोध्याबाईंना फोन करून सगळी हकीकत सांगितली.

संध्याकाळी पाचला ते फोनची वही काखेत मारून मंगल कार्यालयात गेले. सुटका झालेल्या प्रत्येकाची नोंद पुरी करायची होती. नावं, वय, आणि शेवटचा रकाना: माहिती कुणाकडून मिळाली. कडूबाई भिंतीला टेकून बसली होती. मोनिका बाळाला पाजत होती. बलभीम माणूस दिसेल त्याला विचारत होता, की होडी मिळेल का, अजून साठ-सत्तर मेंढरं बांधावर जिवंत आहेत.

गोरोबा खाली मांडी घालून बसले. "मावशी, मी सलगर. आपल्यातलाच आहे," ते म्हणाले. नावं लिहून झाली. शेवटच्या रकान्याशी ते आले आणि तिथं 'नियंत्रण कक्षाने स्वतः शोध घेतला' असं लिहायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तरी रीत म्हणून विचारलं, "तुमची खबर कुणी दिली होती का?"

"म्याच दिली की," कडूबाई म्हणाली. "सकाळच्याला. बलभीमच्या मोबाइलवरनं."

"कुणाला?"

"हितंच. तुमच्या हापिसात. त्यांनी गाव इचारलं. म्या म्हणलं, आमचं गाव लई लांब हाय, सायब, आमी मेंढरावाले. मग म्हणले वस्ती कंची. वस्ती कुठनं सांगू? रानाचा नंबर इचारला. त्यो बी न्हाय ठावं. मग फोन ठिवला त्यांनी." तिने गोरोबांच्या तोंडाकडं जरा निरखून बघितलं. "आवाज तुमच्यावानीच व्हता, दादा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती आपली विचारलं त्याचं उत्तर देत होती. "तवा साडेतीनशे मेंढरांतलं एक बी गेलं नव्हतं," ती म्हणाली. "पानी गुडघ्याला बी न्हवतं. मग मोबाइल भिजला."

गोरोबांनी वहीची पानं मागं उलटली. त्या सकाळी त्यांनी साठ-पासष्ट फोन घेतले होते. एकेका ओळीवर बोट ठेवत ते गेले आणि एका ओळीवर बोट थांबलं. अक्षर त्यांचंच होतं. त्यांना तो फोन आठवेना. कितीही ताण दिला तरी आठवेना, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. सिग्नलमध्ये वीस वर्षं त्यांनी कानावर पडलेला शब्द न् शब्द लिहिला होता, कमी नाही की जास्त नाही. अडलेली नोंद पुरी झाल्यासारखी दाखवून कशी मिटवायची, ते त्यांना तहसीलच्या दोन वर्षांनी शिकवलं होतं.

कडूबाईला वाचता येत नव्हतं. ती नुसती वहीकडं बघत होती. गोरोबांना पान उलटता आलं असतं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "आठ वाजून दहा मिनिटं. एक महिला. ठिकाण सांगता येत नाही. माहिती घेऊन नंतर फोन करते म्हणाली."

"असं म्या म्हणले न्हाय," कडूबाई म्हणाली. "नंतर फोन करते आसं म्या कशाला म्हणीन? पानी चढत हुतं की."

"न्हाय म्हणलात, मावशी," गोरोबा म्हणाले. "ते म्या लिवलं."